दलाल कोणाचा ? : जमीन-घराच्या व्यवहारातील मध्यस्थ व त्याची कर्तव्ये

विहारातील वंदना आटोपली, खीरदान झाले, की माणसे लगेच घरी जात नाहीत. ओट्यावर थोडा वेळ बसतात आणि बोलणे हटकून एका विषयावर येते. कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कोणी यंदा निवृत्त होणार असतो, कोणाला गोंदियात प्लॉट हवा असतो, तर कोणाला मुलीच्या शिक्षणासाठी एक एकर काढायचे असते. मग कोणीतरी म्हणतो, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, तो करून देईल." हा जो 'ओळखीचा माणूस', त्याच्याविषयी या स्मरणिकेतून चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस बरेच दिवसांपासून वाटत होते.

जमिनीशी आपला संबंध पिढ्यानपिढ्या होता, पण तो दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाराचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्यांनी, आणि त्याहून अधिक शिक्षणाने, आज आपल्यातील काही कुटुंबांना जमीन विकत घेण्याची ऐपत आली आहे. परंतु ज्याच्या बापाने किंवा आजोबाने कधी जमिनीचा सौदा केला नाही, त्याला सौद्याचे शिक्षण घरात मिळत नाही. ज्या घरात तीन पिढ्यांचे खरेदीचे कागद लोखंडी पेटीत आहेत, त्या घरातील पोराला फेरफार म्हणजे काय हे जेवताना ऐकूनच कळते. आपल्या पोराला ते दलालाच्या तोंडून कळते, आणि दलाल त्याला सोयीचे तेवढेच सांगतो.

दलाल हा शब्द आपल्याकडे काहीसा शिवीसारखा वापरला जातो, तो तसा वापरू नये. विकणारा व घेणारा यांची गाठ घालून देणे, किंमत जुळविणे, कागद गोळा करणे हे काम आहे आणि कामाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात दलाली नाही. मात्र मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविका कशास म्हणावे हे सांगताना जे शब्द आले आहेत, ते दलालाने भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत : कुहना म्हणजे ढोंग, लपना म्हणजे गोड बोलून गुंडाळणे, सूचकपणे सुचविणे, दुसऱ्याला कमी लेखणे, आणि एका लाभातून दुसरा लाभ उकळणे. ते भिक्खूंना उद्देशून असले, तरी जमिनीच्या बाजारात पाऊल टाकलेल्या माणसाला यांतील एकही शब्द अनोळखी वाटणार नाही.

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवितात, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. घेणाऱ्याची बोटे वेगळी, विकणाऱ्याची वेगळी, आणि दोन्ही आकडे फक्त दलालाला ठाऊक. जमिनीच्या दलालाकडे रुमाल नसतो इतकेच. म्हणून या व्यवहारातील पहिला प्रश्न जमीन कशी आहे हा नव्हे, हा दलाल कोणाचा हा आहे. तो मला विचारल्याशिवाय आम्ही स्वतः एकदा पैसे मोजले आणि त्याचे फळ भोगले. ते पुढे सांगू.

कायदा याविषयी फार जुना आणि फार स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम हा १८७२ चा. त्यात दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्यास एजंट म्हटले आहे, आणि ज्याच्या वतीने तो काम करतो तो त्याचा धनी. तुम्ही गावातल्या माणसाला म्हणालात, "माझी बांधी विकून दे, शेकडा दोन देईन," की तो तुमचा एजंट झाला. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, तोंडी सांगणेही पुरते. फक्त तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करणे कठीण जाते. एकदा तो तुमचा एजंट झाला की त्याच्यावर काही बंधने आपोआप येतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वागावे. त्या धंद्यातील माणसाला जेवढी अक्कल व काळजी असायला हवी तेवढी वापरावी. त्याच्या हयगयीने थेट नुकसान झाले तर ते भरून द्यावे. मागितल्याबरोबर हिशेब द्यावा. अडचण आली तर तुम्हांला कळविण्याचा होईल तेवढा प्रयत्न करून तुमचे म्हणणे घ्यावे. तुमच्या नावाने जी रक्कम हातात आली, ती आपला वाजवी खर्च व मेहनताना वजा करून तुमच्या हाती द्यावी. ही कलमे २११ ते २१८ मध्ये आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती मुळातून वाचावीत, कारण कलमांखाली दिलेली काही उदाहरणे जमीन-घरांचीच आहेत.

त्यांतले एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. धन्याने एजंटाला आपली मिळकत विकायला सांगितली. विकण्यापूर्वी एजंटाने जागा पाहिली तर तिच्यात खाण आढळली, जिचा धन्याला पत्ताच नव्हता. एजंट धन्याला म्हणाला, ही मिळकत मलाच घ्यायची आहे. खाणीचे मात्र बोलला नाही. धन्याने त्याला घेऊ दिली. कायदा म्हणतो, हे कळल्यावर धनी तो व्यवहार मोडू शकतो. दवनीवाडा परिसरात खाण निघणार नाही, पण आमच्याकडची खाण वेगळी असते. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून कोणता पट्टा कोठून जाणार याची कुणकुण दलालाला आधी लागते आणि शेताच्या मालकाला शेवटी. अशा वेळी दलाल स्वतःच्या साळ्याच्या नावाने जमीन उचलतो. विकणारी बहुधा एखादी म्हातारी आजी असते, जिचा मुलगा नागपूर वा रायपूरला कामाला असतो. तिला वाटते, बरे झाले, गिऱ्हाईक मिळाले. ज्याला आपण विकायला नेमले, त्याने आपल्याला न सांगता स्वतः किंवा स्वतःच्या माणसाकरवी विकत घेतले आणि महत्त्वाची गोष्ट लपविली किंवा तोटा केला, तर तो व्यवहार नाकारण्याचा हक्क कलम २१५ प्रमाणे त्या आजीला आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागेल, आणि दलालाने लपविले हे दाखवावे लागेल.

दुसरा प्रकार याहून नेहमीचा आहे. विकणाऱ्याला सांगायचे एकरी आठ लाखच येतात, घेणाऱ्याला सांगायचे नऊच्या खाली मालक देत नाही, आणि मधले एक लाख आपले. वर दोन्हीकडून दलाली. समजा दोन एकरांचा व्यवहार असेल तर दलाली वेगळी आणि दोन लाख वेगळे. गावात याला कोणी चोरी म्हणत नाही, हुशारी म्हणतात. पण दलाल जर विकणाऱ्याचा एजंट असेल तर हे दोन लाख विकणाऱ्याचे आहेत. धन्याच्या नकळत एजंटाने त्या कामात स्वतःचा व्यवहार करून मिळविलेला फायदा मागण्याचा धन्याला हक्क आहे. इतकेच नव्हे, कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या भागाची दलाली मागण्याचाही हक्क उरत नाही, असे कलम २२० सांगते. आणि वेगळे ठरले नसेल तर दलाली काम पुरे झाल्यावरच देय होते, बयाण्याच्या दिवशी नव्हे. आमच्याकडे मात्र बयाणा दिल्याबरोबर दलालाचा हात पुढे येतो, आणि पुढे सौदा फिसकटला तरी ते पैसे परत येत नाहीत.

दोन्हीकडून दलाली घेणे हाच गुन्हा का, असे कोणी विचारील. नाही. दोघांनाही ठाऊक असेल, दोघांनीही मान्य केले असेल, तर तो दोघांचा मध्यस्थ, आणि दोघांनाही एकच आकडा सांगणे त्याला भाग आहे. वाईट आहे ते लपवून दोन्हीकडचे होणे. ज्याला तुम्ही आपला समजून तुमची शेवटची किंमत सांगता, ती तो पलीकडे जाऊन सांगतो, आणि मग घासाघीस केली काय न केली काय सारखेच.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. दलाल विकणाऱ्याचा असेल तर घेणाऱ्याशी त्याचे काहीच देणे-घेणे नाही काय ? एजंटाला आपल्या धन्याचे हित पाहायचे असते हे खरे; पण म्हणून त्याला खोटे बोलण्याची मोकळीक नाही. एजंटाने धन्याचे काम करीत असताना केलेले खोटे कथन वा फसवणूक ही धन्याने केल्यासारखीच धरली जाते (कलम २३८). म्हणजे दलालाने "रस्ता आहे" अशी थाप मारली आणि रस्ता नसला, तर घेणारा विकणाऱ्याला धरू शकतो. विकणाऱ्या बांधवांनी हे नीट लक्षात ठेवावे. तुमच्या नावाने कोण काय बोलत फिरतो, त्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

रस्त्याचे उदाहरण आम्ही उगीच घेतले नाही. धानाच्या मुलुखात ही सर्वांत जुनी फसगत आहे. दलाल शेत दाखवितो ते वैशाखात. तेव्हा धान कापलेले असते, बांध्या कोरड्या असतात, बंडी वा ट्रॅक्टर धुऱ्यावरून कोठूनही जातो आणि पाहुण्याला वाटते, चारी बाजूंनी रस्ताच रस्ता. मृगानंतर रोवणी सुरू झाली की शेजारी आपल्या बांधीतून पाय ठेवू देत नाही, आणि त्याचेही चूक नसते. मग तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मिळावा म्हणून अर्ज, तारखा, पंचनामे. म्हणून शेत घ्यायचे असेल तर एकदा श्रावणात जाऊन पाहावे, चिखल तुडवीत. पाण्याचेही तसेच. मामा तलावाचे किंवा बोडीचे पाणी कोणत्या बांधीतून कोणत्या बांधीत उतरते, हे उन्हाळ्यात दिसत नाही. आणि वैनगंगेच्या काठची खोलगट जमीन स्वस्त मिळत असेल तर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस जो महापूर आला, तेव्हा तेथे किती पाणी होते, हे शेजारच्या कास्तकाराला विचारावे, दलालाला नव्हे. घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ आहे. वेगळा करार नसेल तर मालकीचे कागद तपासायला देणेही विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. चांगला दलाल आपल्या धन्याला हे आधीच समजावून सांगतो आणि दोष उघड करून मग किंमत बोलतो. असे दलाल आहेत. थोडे आहेत, पण त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा माणसे जातात.

कागदांविषयी थोडक्यात. दलाल एकरात बोलतो, ७/१२ हेक्टर-आरमध्ये असतो. दोन एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर, एवढे गणित प्रत्येक विद्यार्थ्याला यावे. ७/१२ ही महसुली नोंद आहे, तो मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. मागचे फेरफार आणि मूळ विक्रीपत्र पाहावेच लागते. ७/१२ वर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. विदर्भातील जुन्या नोंदींत 'भूमिस्वामी' व 'भूमिधारी' हे शब्द आढळतात. भूमिधारी म्हणजे साधारणपणे आजचा वर्ग २. शासनाकडून मिळालेली पट्ट्याची जमीन बहुधा याच वर्गात असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिची विक्री चालत नाही. दलाल म्हणतो, परवानगी नंतर काढू. परवानगी आधी, पैसे नंतर.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यात गोंड बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून महसूल संहितेत ६ जुलै १९७४ पासून कलम ३६-अ आहे; जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय ती विकत, गहाण वा पट्ट्याने घेता येत नाही. दलाल त्यावर वाटा काढून देतात, कोणा तिसऱ्याच्या नावावर घ्या, करारावर कसा. ज्या समाजाने भूमिहीनांसाठी तुरुंग भोगला, त्या समाजातील नोकरदाराने अशा वाटेने आदिवासीची बांधी घ्यावी हे आम्हांस तरी पटत नाही, आणि कायद्यालाही पटत नाही. अशी जमीन मूळ मालकाला परत जाते आणि पैसे बुडतात.

बहिणींच्या सह्यांविषयी आमच्याकडे फार गैरसमज आहेत. "आपण बौद्ध, हिंदू वारसा कायदा आपल्याला लागत नाही," असे काही शिकलेले लोकही सांगतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन व शीख यांना तो लागू असल्याचे लिहिले आहे. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा त्या मूळ कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वडील २००५ पूर्वी वारले असले तरीही आहे असा निर्णय दिला. तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतर तिन्ही भावांनी सह्या केल्या आणि बालाघाटला दिलेल्या बहिणीला विचारलेच नाही, तर घेणाऱ्याच्या डोक्यावर दावा टांगलेला राहतो. दलालाला हे सारे पक्के ठाऊक असते. बहिणीला विचारले तर सौदा लांबेल, कदाचित मोडेल, म्हणून तो गप्प बसतो. धंद्यातील माणसाने दाखवायची जी काळजी कायद्याला अपेक्षित आहे, ती हीच. वारसानांची यादी पुरी करून घेणे हे घेणाऱ्याचा दलाल म्हणविणाऱ्याचे पहिले काम आहे.

आता प्लॉटकडे वळू, कारण आमची स्वतःची हकीकत प्लॉटचीच आहे. आम्ही नोकरीत असताना भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढून एका शहरालगत दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. गाठ घालून देणारा गृहस्थ आमच्या घरी येऊन जेवत असे. आमच्या सौभाग्यवतीस तो ताई म्हणे आणि आम्हांस म्हणे, "गुरुजी, मी तुमचाच माणूस आहे." ले-आऊटचा रंगीत नकाशा त्याने आणला, त्यात बाग होती, शाळेची जागा होती, एवढेच काय, विहारासाठीही एक कोपरा हिरव्या पेन्सिलीने दाखविला होता. तो कोपरा पाहून आमचा विश्वास बसला, हे कबूल करावयास आज लाज वाटते. कागद म्हणाल तर शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील सौदाचिठ्ठी, आणि काही हप्त्यांच्या कच्च्या पावत्या. दोन वर्षांनी कळले की जमीन अकृषक झालेलीच नव्हती आणि त्याच क्रमांकाच्या प्लॉटची सौदाचिठ्ठी आणखी एका गृहस्थाकडेही होती. आमचा माणूस म्हणाला, "मी फक्त मध्यस्थ, मालकाला विचारा." मालकाकडे गेलो तेव्हा समजले की या माणसाला प्रत्येक प्लॉटमागे मालकाकडूनही ठरलेली रक्कम मिळत होती. आमच्याकडून घेतलेली दलाली वेगळी.

सौदाचिठ्ठीने वा करारनाम्याने मालकी मिळत नाही. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. आममुखत्यारपत्र, करारनामा आणि पैसे दिल्याचा कागद असा तिहेरी जुडगा देऊन जे 'व्यवहार' होत, त्यांनी मालकी जात नाही, असे ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी दलाल आजही आममुखत्यारपत्र पुढे करतात. एकाच गटातून गुंठा-दोन गुंठे तोडून विकणे हाही असाच धोका. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत २० व बागायत १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले, आणि २०२५ मध्ये निवासी भागांतील जुन्या तुकड्यांना सवलत देण्याचे शासनाने ठरविले. ही सवलत शेतातून आज नवा तुकडा पाडण्याची मुभा आहे असे सांगणाऱ्या दलालाला दुय्यम निबंधक कार्यालयात सोबत घेऊन जावे आणि तेथे तेच वाक्य बोलायला लावावे.

आमच्या वेळी नसलेली एक सोय आज आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला सर्व 'रेरा' म्हणतात, १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि आपल्या राज्यात 'महारेरा' स्थापन झाले. नियोजन क्षेत्रातील ५०० चौरस मीटरहून मोठ्या ले-आऊटची नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही, आणि अशा प्रकल्पातील प्लॉट वा सदनिका विकून देणाऱ्या एजंटानेही स्वतःची नोंदणी केली पाहिजे. प्रकल्पाचा क्रमांक 'पी' या इंग्रजी अक्षराने आणि एजंटाचा 'ए' ने सुरू होतो; महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट तपासता येतात. कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्ये सांगितली आहेत : नोंदणी नसलेल्या प्रकल्पात विक्री करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, दर्जा वा मंजुरीविषयी खोटे सांगू नये, जी सोय देण्याचा विचारच नाही तिची जाहिरात होऊ देऊ नये, आणि नोंदणीच्या वेळी घेणाऱ्याला मिळावयाचे सर्व कागद मिळवून द्यावेत. आमच्या विहाराच्या हिरव्या कोपऱ्यासाठी हे कलम पुरेसे होते. नोंदणीविना धंदा करणाऱ्या एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण त्या प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

२०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली, आणि २०२४ मध्ये ती पुरी न करणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. आमच्या विद्यार्थ्यांनी या बातमीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. बी. ए., बी. कॉम. करून नोकरीची वाट पाहत बसलेली मुले वाड्या-वस्त्यांत पुष्कळ आहेत. ज्याला ७/१२ वाचता येतो, जो दोन्ही बाजूंना एकच आकडा सांगतो, अशा नोंदणीकृत एजंटाला गोंदिया-तिरोड्यात काम कमी पडणार नाही. सम्यक आजीविका म्हणून हा धंदा करावा असे आमचे प्रामाणिक मत आहे. आमच्या समाजाला असा माणूस आपल्यातच मिळाला तर हवा आहे.

मात्र शेतजमीन, गावठाणातील जुने घर, एका मालकाने दुसऱ्याला विकलेला प्लॉट यांतला दलाल सहसा रेराखाली येत नाही. तेथे तो १८७२ चा करार कायदाच, आणि तुमच्या हातातील कागद. म्हणून आमची सूचना अशी की, दलालाशी बोलणे झाले की एका साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : हा कोणाच्या वतीने काम करतो, दलाली किती आणि कोणत्या टप्प्याला, दुसऱ्या बाजूकडूनही घेणार असल्यास किती, मिळकतीत त्याचा वा त्याच्या नातेवाइकाचा हितसंबंध आहे काय. खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. प्रामाणिक दलाल सही करतो. जो म्हणतो, "काका, आपल्यात लिहिणे कशाला ?" त्याच्याजवळचा चहा पिऊन परत यावे. पैसे बँकेतूनच द्यावेत. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याची मनाईच आहे. आणि दलाल म्हणेल, रजिस्ट्री सरकारी किमतीत करू, बाकी हातात द्या. तर उद्या व्यवहार मोडला तेव्हा न्यायालय कागदावरची रक्कमच पाहील, हातातली नाही.

या संदर्भात चुल्लवग्गातील जेतवनाची कथा आठवते. अनाथपिंडिक श्रावस्तीस परतला तो संघासाठी जागा शोधीत. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, अशी. राजकुमार जेताचे उद्यान त्याला पसंत पडले. जेताला ते विकायचे नव्हते, म्हणून तो म्हणाला, कोटींनी नाणी अंथरलीस तरी देणार नाही. अनाथपिंडिक म्हणाला, सौदा झाला. जेता म्हणाला, झाला नाही. दोघे न्यायाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी निर्णय दिला : राजकुमार, तुम्ही किंमत उच्चारलीत, तेव्हा उद्यान गेले. मग गाड्या भरून सोने आले, जमिनीवर पसरले गेले, आणि दाराजवळचा थोडासा तुकडा उरला तेव्हा जेताने स्वतःच हात आडवा करून तेवढी जागा दान दिली व तेथे दरवाजा बांधला. विकणारा, घेणारा, किंमत आणि वाद, सगळे उघड्यावर होते. या सौद्यात दलाल नव्हता हे खरे, पण असता तरी त्याला मधे ठेवायला काही जागा उरली नसती.

फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नये. रेराखालच्या प्रकल्पाविषयी महारेराकडे एजंटाविरुद्धही तक्रार करता येते. ले-आऊटवाल्याने विकासासह प्लॉट देण्याचे कबूल केले असेल तर ती सेवा ठरते, आणि गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तेथे मुदत दोन वर्षांची. दिवाणी दाव्याला साधारणतः तीन वर्षे. एकच प्लॉट दोघांना विकला असेल तर तो फौजदारी फसवणुकीचा विषय आहे, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आम्ही यातले काहीच वेळेत केले नाही. "आज देतो, दिवाळीला देतो" असे ऐकत तीन वर्षे घालविली आणि मुदत गेल्यावर वकिलाकडे गेलो. आमच्या पैशांपैकी निम्म्याहून थोडे अधिक नंतर हप्त्याहप्त्याने परत आले, तेही ज्या दोन पावत्यांवर मालकाची सही होती तेवढ्यांचेच. ज्या पावत्यांवर फक्त 'आमच्या माणसाची' सही होती, त्या आजही आमच्या पेटीत आहेत. कोणा विद्यार्थ्याला नमुना म्हणून पाहावयाच्या असल्यास त्याने अवश्य घरी यावे.